झाकली मूठ, झाकलेलं लेबल: फ्रँक विल्सनच्या एका रेकॉर्डचं प्रकरण

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या वायव्य भागातल्या विगन या गावी, विगन कसीनो नावाच्या नाचघरात एक गाणं वाजू लागलं. गायक म्हणून नाव सांगितलं जाई एडी फॉस्टर. लोक नाचले, वेडे झाले, पुन्हा पुन्हा मागणी करू लागले. गाणं मात्र एडी फॉस्टरचं नव्हतंच. ते होतं फ्रँक विल्सन या माणसाचं, आणि आपल्या गाण्यावर इतके लोक परक्या नावाने नाचताहेत याचा त्याला पत्ता असायचं काही कारण नव्हतं.

डीजेने वाजवलेल्या ट्रॅकचं नाव सांगावं की नाही, हा वाद निघाला की दोन्ही बाजू आपापल्या सोयीची उदाहरणं काढतात. मला हे एकच प्रकरण नीट पाहण्यासारखं वाटतं, कारण यात वादातले सगळे पक्ष एका रेकॉर्डभोवती जमले आहेत: मेहनत करून गाणं शोधणारे, ते लपवणारे, चोरून छापणारे, नाचणारे, आणि ज्याचं नाव गेलं तो.

रेकॉर्ड आली कुठून

फ्रँक विल्सन १९६०च्या दशकात मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या लॉस एंजेलिसच्या कचेरीत गाणी लिहायचा आणि निर्मिती करायचा. १९६५ मध्ये त्याने 'डू आय लव्ह यू (इनडीड आय डू)' हे गाणं स्वतः लिहून स्वतः गायलं. मोटाउनच्या 'सोल' या उपलेबलवर ते येणार होतं. नमुन्याच्या सुमारे २५० प्रती छापल्या गेल्या असं सांगतात. मग मालक बेरी गॉर्डी यांनी विल्सनला विचारलं, तुला गायक व्हायचंय की निर्माता? विल्सनने निर्माता होणं पसंत केलं आणि छापलेल्या प्रती मोडीत निघाल्या. हातावर मोजण्याइतक्या उरल्या.

निर्णय चुकला असं कोणी म्हणणार नाही. १९६८ मध्ये द सुप्रीम्स या गायिकांच्या गटाचं 'लव्ह चाइल्ड' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याच्या लेखकांत विल्सन होता. पुढे १९७६ मध्ये त्याने मोटाउन सोडलं आणि तो धर्मकार्याकडे वळला. म्हणजे विगनमध्ये गाणं वाजू लागलं त्या सुमारास त्याचा कर्ता मोटाउनमधून बाहेर पडलेला होता. 'अज्ञात गायक, कुठे शोधणार' अशी ही गोष्ट नाही. माणूस हयात होता, त्याला धंद्यातले लोक ओळखत होते, आणि लेबलवर त्याचं नाव स्वच्छ छापलेलं होतं.

विगनची रीत

आता त्या नाचघराकडे. विगन कसीनोतल्या सोल संगीताच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लयदार गाण्यांच्या, रात्रभराच्या कार्यक्रमांना १९७३ च्या सप्टेंबरात सुरुवात झाली आणि १९८१ च्या डिसेंबरात ते थांबले. मध्यरात्र उलटल्यावर दारं उघडायची, सकाळी आठला संपायचं, आणि दारू मिळायची नाही. पाय नीट घसरावेत म्हणून लोक लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकायचे. वाजायची ती दहाबारा वर्षांपूर्वीची अमेरिकन सोल गाणी, तीही जी अमेरिकेत चालली नव्हती अशी. पत्रकार डेव्ह गॉडिन यांनी या सगळ्याला 'नॉर्दर्न सोल' असं नाव दिलं आणि ते चिकटलं.

या मंडळींची गंमत अशी की सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं इथे कवडीमोल. जे कुठेच वाजत नाही त्याला भाव. त्यामुळे डीजेचं सगळं वजन त्याच्या पेटीत काय आहे यावर ठरायचं. आणि पेटी भरणं सोपं नव्हतं. अमेरिकेत जाऊन वितरकांच्या गोदामांत, बंद पडलेल्या दुकानांच्या मागच्या खोल्यांत, धुळीने माखलेल्या खोक्यांतून एकेक तबकडी उपसावी लागे. शेकडो ऐकाव्यात तेव्हा एखादी नाचण्याजोगी निघायची. जाण्यायेण्याचा खर्च पदरचा.

एवढं करून आणलेली रेकॉर्ड एकदा वाजवली आणि तिचं नाव सांगितलं, की काय व्हायचं? पुढच्या आठवड्यात प्रतिस्पर्धी नाचघराचा डीजे तीच शोधायला निघायचा. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी तिची चोरटी प्रत छापून बाजारात आणायचा. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण या धंद्यासाठीच केली असावी. म्हणून डीजेंनी तोड काढली ती 'कव्हर-अप'ची. मूळ लेबलावर कागद चिकटवायचा, गायकाचं आणि गाण्याचं नाव मनाने ठेवायचं, आणि विचारणाऱ्याला बिनदिक्कत तेच सांगायचं.

ही युक्ती त्यांनी पहिल्यांदा शोधली असंही नाही. जमैकात १९५०च्या दशकात साउंड सिस्टिमवाले, म्हणजे मोठाले स्पीकर लावून नाचाचे कार्यक्रम करणारे, हेच करत. क्लेमंट 'कॉक्सन' डॉड अमेरिकन सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सनची एक रेकॉर्ड लेबल खरवडून 'कॉक्सन हॉप' म्हणून वाजवायचा. ती त्याची ओळखीची धूनच होऊन बसली होती. प्रतिस्पर्धी ड्यूक रीडला शेवटी मूळ रेकॉर्ड सापडली आणि त्याने ती भर गर्दीत वाजवली. जमैकातच जन्मलेल्या डीजे कूल हर्कने पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रेकॉर्डी पाण्यात भिजवून लेबलं उतरवली. तीन ठिकाणं, आणि भीती तीच.

एडी फॉस्टर

विल्सनची प्रत मोटाउनच्याच संग्रहातून एका संग्राहकाच्या हाती पडली. त्याने तिच्यावरून ॲसिटेट, म्हणजे थेट कोरलेल्या थोड्याशा तबकड्या काढल्या. त्यांतली एक विगनच्या डीजेपर्यंत आली, आणि 'एडी फॉस्टर' या नावाने वाजू लागली. लवकरच त्याच खोट्या नावाची चोरटी प्रत विक्रीला आली.

इथे एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एडी फॉस्टर हे हवेतून काढलेलं नाव नव्हतं. त्या नावाचा खरा सोल गायक होता आणि त्याची एक वेगळी रेकॉर्ड याच वर्तुळात माहीत होती. हे नाव निवडण्यात हिशेब असणार: आवाजाची जातकुळी जवळची, ऐकणाऱ्याला पटेल, आणि शोधणारा भलत्याच माणसाच्या मागे लागेल. म्हणजे एका माणसाचं नाव पुसलं गेलं आणि दुसऱ्याच्या नावावर त्याने न गायलेलं गाणं चढलं. शिवाय जो चाहता पैसे साठवून एडी फॉस्टरच्या रेकॉर्डी धुंडाळत बसला असेल, तोही फसला.

लपवण्याच्या बाजूने जो सगळ्यात वजनदार युक्तिवाद केला जातो, तो याच प्रकरणात कोसळतो. युक्तिवाद असा: नाव झाकलं तर चोरट्या प्रती छापणाऱ्यांपासून गाणं वाचतं. पण इथे चोरटी प्रत झाकलेल्या नावानेच निघाली. छापणाऱ्याला नावाची गरजच नव्हती, त्याला हवा होता आवाज, आणि तो त्याच्याकडे होता. उलट खोटं नाव त्याच्याच पथ्यावर पडलं. खऱ्या मालकाने बाजारातली ती तबकडी पाहिली तरी आपलं गाणं आहे हे ओळखायचं कसं? चोरावर मोर म्हणतात ते असं, फक्त इथे मोराला पिसं डीजेंनी पुरवली.

मग खरं नाव बाहेर आलं

१९७९ मध्ये ब्रिटनमध्ये मोटाउनच्याच 'टॅमला मोटाउन' या लेबलने हे गाणं अधिकृतपणे प्रसिद्ध केलं, लेबलावर फ्रँक विल्सनचं नाव घालून. ध्वनिमुद्रणाला चौदा वर्षं झाली होती. ही आवृत्ती नाव उघड झाल्यावरच निघू शकत होती, यात काही जादू नाही. कंपनीच्या दप्तरात एडी फॉस्टरचं असलं कुठलंही ध्वनिमुद्रण नव्हतं, मग ती काढणार काय? खरं नाव कळलं, हक्क कुणाचा ते कळलं, आणि कुठल्याही पोराला दुकानात जाऊन ती रेकॉर्ड रीतसर विकत घेता येऊ लागली. लेखक म्हणून विल्सनच्या नावावर या गाण्याचा पैसा जमा होण्याची वाट त्यानंतरच मोकळी झाली.

डीजेंना जी भीती होती ती काही प्रमाणात खरी ठरली, हे कबूल करायला हवं. गाणं सार्वजनिक झाल्यावर ते कुणा एकाच्या पेटीतलं हुकमी पान राहिलं नाही. पण गाण्याची किंमत पडली का? मूळ १९६५ च्या प्रतीचं काय झालं ते बघा. २००९ मध्ये एक प्रत लिलावात २५,७४२ पौंडांना गेली. २०२० मध्ये एका प्रतीचे एक लाख पौंड आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे मूठ उघडली आणि मग लाखाची झाली. (या लिलावांतला एक छदामही गायकाला मिळत नाही. जुनी रेकॉर्ड विकली की पैसे विकणाऱ्याचे.)

आणखी एक पुरावा विगनच्याच आवारात होता, पण वादात तो कुणी काढत नाही. तिथला प्रत्येक रात्रभराचा कार्यक्रम ठरलेल्या तीन गाण्यांनी संपायचा. 'थ्री बिफोर एट', आठच्या आधीची तीन. क्रम ठरलेला, नावं सगळ्यांना तोंडपाठ, आणि रेकॉर्डीही पुष्कळांच्या घरात. तरी लोक सकाळी आठपर्यंत थांबायचे ते त्या तीन गाण्यांसाठी. म्हणजे गर्दी केवळ गुपितासाठी येते, हा डीजेंचा समज त्यांच्याच नाचघरात दर आठवड्याला खोटा पडत होता. गर्दीला हवं होतं योग्य वेळी योग्य गाणं, भल्यामोठ्या आवाजात, आपल्यासारख्याच लोकांच्या घोळक्यात. ते नाव सांगितल्याने कुणी घरी नेऊ शकत नाही.

डीजेंची बाजू

तरीही मी त्या डीजेंना सरसकट दोषी धरणार नाही. गोदामातली धूळ खाणाऱ्या माणसाला त्या मेहनतीचा मोबदला दुसरा कोण देणार होता? शोधणाऱ्याला रॉयल्टी नसते. गाणं पुन्हा जिवंत झालं ते त्यांच्यामुळेच. ते नसते तर विल्सनचं गाणं मोटाउनच्या कपाटातच राहिलं असतं, आणि १९७९ची आवृत्तीही निघाली नसती. पहिलेपणाचे काही महिने शोधणाऱ्याला मिळावेत, ही मागणी मला रास्त वाटते.

पण घोडं पेंड खातं ते पुढे. 'सांगत नाही' म्हणणं आणि 'हे एडी फॉस्टरचं आहे' म्हणणं यांत मोठं अंतर आहे. पहिल्यात डीजे स्वतःजवळचं काहीतरी राखून ठेवतो. दुसऱ्यात तो दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याला देऊन टाकतो. गाणं सापडलं कुठे, किती दिवस आपण एकट्याने वाजवायचं, कुठल्या गाण्याला जोडून वाजवायचं, हे सगळं डीजेचं. नाव त्याचं नाही. ते झाकण्याची मुभा फार तर उसनी घेता येते, आणि उसनं परत करायचं असतं.

विगनच्या काळात हे कायद्यानेही कुणी विचारलं नसतं. ब्रिटनमध्ये गायक-वादकांना आपलं नाव लागण्याचा हक्क मिळाला तो २००६ मध्ये. त्याआधी हा सगळा रीतीरिवाजाचा, खरं तर लाजेकाजेचा मामला होता.

आज हेच प्रकरण घडलं तर

आज लेबलावर कागद चिकटवून भागत नाही. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये शॅझॅम ही गाणं ओळखून देणारी सेवा सुरू झाली, तेव्हा २५८० हा क्रमांक फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा आणि गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. आता तेच काम खिशातलं ॲप काही सेकंदांत करतं. एडी फॉस्टर आज एक गाणंभरही टिकला नसता.

तरी प्रश्न संपलेला नाही, तो सरकला आहे. शॅझॅमला सापडतं ते त्याच्या साठ्यात आहे तेच. ज्यावरून आज खरी भांडणं होतात ते ट्रॅक साठ्यात नसतात: अजून प्रसिद्ध न झालेले, एखाद्या निर्मात्याने चारदोन डीजेंनाच पाठवलेले, किंवा डीजेने जुन्या गाण्याची काटछाट करून स्वतः बनवलेले. डीजेने एका कार्यक्रमात वाजवलेल्या गाण्यांच्या यादीत तिथे 'आयडी – आयडी', म्हणजे ओळख गुप्त, एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली 'ट्रॅक आयडी प्लीज' म्हणणाऱ्यांची रांग.

यांतल्या प्रत्येकाला एकच नियम लावणं चूक ठरेल. ट्रॅक प्रसिद्ध झालेला आहे, बाजारात आहे, आणि डीजे केवळ तोरा म्हणून नाव सांगत नाही, हे मला क्षुद्रपणाचं वाटतं. त्या निर्मात्याला एकेका विक्रीची गरज असते आणि विचारणारा पैसे द्यायला तयार उभा असतो. याउलट निर्मात्यानेच 'अजून बोलू नकोस, करार व्हायचाय' असं बजावलेलं असेल, तर गप्प राहणं हेच डीजेचं काम. तेव्हाही 'अप्रकाशित आहे, निर्मात्याची परवानगी आली की सांगतो' एवढं सांगता येतं. तेवढ्याने विचारणाऱ्याचा मानही राहतो आणि निर्मात्याचा शब्दही. तिसरा प्रकार अवघड: परवानगीशिवाय केलेली काटछाट. तिथे डीजे नाव लपवतो ते बहुधा भाव वाढावा म्हणून नव्हे, तर सापडू नये म्हणून. निदान मूळ गाणं कुणाचं हे तरी त्याने सांगावं, कारण नाचणारे ज्या आवाजावर नाचताहेत तो त्याचा नाही.

या सगळ्यात चर्चेत फार कमी येणारा एक हिशेब आहे आणि माझ्या मते तोच मुख्य आहे. क्लबचा मालक संगीत वाजवण्याच्या परवान्याचे पैसे भरतो. ब्रिटनमध्ये लेखक-संगीतकारांचा वाटा पीआरएस ही संस्था गोळा करते, गायक-वादक आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकांचा पीपीएल. हे पैसे वाटायचे कुणाला, हे कुठलं गाणं वाजलं या माहितीवर ठरतं. माहिती नसेल तर अंदाज लावावा लागतो, आणि अंदाजात नेहमी आधीच लोकप्रिय असलेल्यांचं फावतं. म्हणूनच आता काही क्लबांत आवाज ओळखणारी यंत्रं बसवलेली असतात. जर्मनीतली गेमा ही संस्थाही हीच पद्धत वापरते. २०१४ मध्ये पायोनियर डीजेने 'कुवो' नावाची सेवा काढली होती, तिच्यात डीजेच्या यंत्रांतूनच ट्रॅकची नावं थेट नोंदली जावीत अशी सोय होती. पण फाइलवर नावच चुकीचं लिहिलेलं असेल, किंवा निर्मात्याने ट्रॅक संस्थेकडे नोंदवलाच नसेल, तर यंत्र तरी काय करणार?

विगनचे डीजे आणि आजचे डीजे यांच्यातला फरक मला इथे दिसतो. त्यांच्यापुढे दोनच पर्याय होते: नाव सगळ्यांना सांगा किंवा कुणालाच सांगू नका. आज दोन वेगळे कान आहेत. एक नाचणाऱ्याचा, एक हिशेब ठेवणाऱ्याचा. पहिल्याला थोडं थांबवून ठेवता येतं. आठवडाभर, महिनाभर, निर्माता सांगेल तोवर. दुसऱ्याला पहिल्याच रात्रीपासून खरं नाव द्यायला हवं, फाइलच्या माहितीत नीट लिहून, किंवा यादी मागितली असेल तर ती प्रामाणिकपणे भरून. त्याने डीजेच्या गुपिताला धक्का लागत नाही, कारण तो कागद प्रतिस्पर्ध्याच्या हाती जात नाही.

फ्रँक विल्सन २०१२ मध्ये वारला. तोवर त्याला स्वतःच्या त्या रेकॉर्डची कहाणी पुरती ठाऊक झालेली होती. खऱ्या एडी फॉस्टरला काय वाटलं हे मात्र कुणी विचारायलाच गेलेलं दिसत नाही.